पंच आणि जामीन

१७८७ साली तंजावरात बारा पंडितांपुढे एक प्रश्न ठेवण्यात आला. दुसरे तुळजाजी राजे मृत्यूपूर्वी थोडे दिवस भोसले कुळाच्याच एका शाखेतला मुलगा दत्तक घेऊन गेले होते. मुलाचे नाव सरफोजी, वय दहाच्या आत. हे दत्तविधान शास्त्राला धरून झाले की नाही, एवढेच मद्रासचे गव्हर्नर सर आर्चिबाल्ड कँबेल यांना जाणून घ्यायचे होते. पंडितांचे उत्तर नकारार्थी आले. राजाची बुद्धी त्या वेळी स्थिर नव्हती, मुलगा जनक पित्याचा एकुलता एक होता, आणि दत्तक जाण्याचे वय त्याने ओलांडले होते, अशी कारणे पुढे करण्यात आली. तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह गादीवर बसले. पुढे तंजावराबाहेरच्या पंडितांची मते मागवली गेली. ती उलट पडली. पहिल्या सभेवर दडपणाचा आणि लाचेचा आरोप झाला, आणि १७९८ साली सरफोजी राजे झाले.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला हे सरफोजी ओळखीचे आहेत ते सरस्वती महालातील ग्रंथसंग्रहामुळे, बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली कोरविलेल्या भोसले वंशाच्या चरित्रामुळे, आणि ‘देवेंद्र कुरवंजी’सारख्या भूगोल शिकविणाऱ्या नाटकामुळे. धन्वंतरी महालात नेत्ररुग्णांची चित्रांसह टिपणे ठेवविणारा राजा म्हणून वैद्यकाच्या इतिहासातही त्यांना जागा आहे. यातले काहीही बारा पंडितांना ठाऊक असणे शक्य नव्हते. खरे म्हणजे ते त्यांना विचारलेलेही नव्हते. त्यांच्यापुढे होता तो एक झालेला विधी. त्या विधीच्या शुद्धाशुद्धतेवर मत देऊन त्यांचे काम संपत होते. परंतु निकाल बाहेर पडला, आणि मुलगा राजा होण्याच्या लायकीचा नाही असा त्याचा अर्थ दरबाराने लावला. आणि दुसरा निकाल बरोबर होता म्हणून तो निर्मळही होता, असे म्हणणे कठीण आहे. गादीवर आल्यानंतर वर्षभरातच, १७९९ च्या तहाने, सरफोजींच्या हातून राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. दोन्ही खेपांना निकाल ज्यांना हवा होता त्यांच्या सोयीचाच लागला.

घडून गेलेल्या गोष्टीचा निवाडा ही एक गोष्ट आणि घडू पाहणाऱ्या माणसाविषयीचा अंदाज ही दुसरी. या दोहोंची गल्लत साहित्याच्या प्रांतात नित्याची आहे. परंतु ती सर्वांत उघड्यावर पाहावयाची असेल तर युवा मुष्टियुद्धाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेकडे वळावे. तेथे निवाडा काही मिनिटांत होतो, तो आकड्यांत सांगितला जातो, आणि ते आकडे जाहीर होताच भविष्यकथनाला सुरुवात होते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये स्पेनमधील ला नुसिया येथे युवकांची जागतिक स्पर्धा झाली. भारताला अकरा पदके मिळाली, त्यांत चार सुवर्ण. त्या चारांतली एक पुण्याची देविका घोरपडे, ५२ किलो गटात, आणि एक चेन्नईचा विश्वनाथ सुरेश, ४८ किलो गटात. (इतिहासाच्या वाचकाला तमिळ मुलखात घोरपडे हे नाव त्रिचनापल्लीचा किल्ला सांभाळणाऱ्या मुरारराव घोरपड्यांमुळे आठवेल, पण तो योगायोग येथे एवढाच पुरे.) अंतिम फेरीत देविकाने इंग्लंडच्या मुलीला आणि विश्वनाथने फिलिपिन्सच्या मुलाला हरविले. दोन्ही लढतींचा निकाल एकच: ५–०.

या आकड्याचा अर्थ नीट पाहिला पाहिजे, कारण तो वाचणारे बहुतेक लोक तो चुकीचा वाचतात. रिंगणाच्या चारी बाजूंना मिळून पाच पंच बसलेले असतात. तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या. प्रत्येक फेरीनंतर प्रत्येक पंच सरस ठरलेल्याला दहा आणि दुसऱ्याला नऊ किंवा त्याहून कमी गुण देतो. तिन्ही फेऱ्यांची बेरीज करून त्या पंचाचा विजेता ठरतो. म्हणजे ५–० याचा अर्थ पाच माणसांचे विजेत्याविषयी एकमत झाले, इतकाच. विजय किती मोठा होता हे त्यातून कळत नाही. तिन्ही फेऱ्या केसाच्या अंतराने जिंकणाऱ्यालाही ५–० मिळू शकते, आणि एक फेरी निर्विवादपणे गाजवून उरलेल्या दोन थोडक्यात गमावणाऱ्याला पराभव. फुटबॉलमधल्या पाच गोलांशी या पाचाचे काहीही नाते नाही. तरीही दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांत ‘एकतर्फी’ हा शब्द हमखास येतो.

पंचाने काय पाहावयाचे ते नियमांत थोडक्यात सांगितले आहे: लक्ष्यावर पडलेले कसदार ठोसे, तंत्राने व डावपेचाने मिळविलेले वर्चस्व, आणि झुंजण्याची वृत्ती. काय पाहू नये, ते मात्र त्याने स्वतःच्या स्वभावातून काढून टाकावयाचे असते. खेळाडूचा देश, त्याचे नाव, मागच्या वर्षीचे पदक, प्रेक्षकांचा गलबला, कोपऱ्यातून ओरडणारा मार्गदर्शक, इतकेच नव्हे तर नुकतीच संपलेली फेरीसुद्धा. पहिल्या फेरीत मनावर ठसलेली प्रतिमा दुसऱ्या फेरीवर सावली टाकते, आणि मागे राहिलेल्या मुलाचे चांगले ठोसे दिसेनासे होतात. विसरणे हा चांगल्या पंचाचा पहिला गुण आहे. आपल्या निकालात त्याचे काहीही गुंतलेले असता कामा नये.

ते गुंतले की काय होते, याची उदाहरणे या खेळाने भरपूर पुरविली आहेत. १९८८ च्या सेऊल ऑलिंपिकच्या अंतिम लढतीत एकोणीस वर्षांच्या रॉय जोन्सने यजमान देशाच्या पार्क सी-हुनला निर्विवाद मागे टाकले, असे पाहणाऱ्या जगाचे मत पडले. पंचांनी ३–२ असा पराभव जोन्सच्या पदरी टाकला, आणि त्याच स्पर्धेत सर्वोत्कृष्ट मुष्टियोद्ध्याचा करंडकही त्यालाच मिळाला. या विसंगतीवर टीका करण्याची गरजच उरत नाही. उपाय म्हणून १९९२ पासून ऑलिंपिकमध्ये यंत्र आले. पंचांपुढे लाल आणि निळी कळ. पाचांपैकी तिघांनी एका सेकंदाच्या आत तीच कळ दाबली तर गुण. माणसाच्या लहरीवर यंत्राची वेसण घातली गेली, असे वाटले. प्रत्यक्षात वेसण पडली ती खेळाला. बरगड्यांवर बसणारा जवळचा ठोसा तिघांना एकाच क्षणी दिसणे कठीण. झपाट्याने मारलेल्या चार ठोशांच्या मालिकेतला एखादाच मोजला जाई. दुरून डोक्यावर टिपलेला सुटा ठोसा तेवढा सर्वांना दिसे. मुले तोच शिकू लागली. निकष बदलला की निर्मिती बदलते, हे कवितेच्या स्पर्धांचे परीक्षण करणाऱ्यांनाही ठाऊक असावयास हरकत नाही.

२०१३ मध्ये यंत्राच्या कळा गेल्या आणि दहा गुणांची पद्धत आली. त्यामुळे नीयत सुधारली असे मात्र नाही. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत सरिता देवी यजमान देशाच्या पार्क जी-ना हिच्याविरुद्ध उपांत्य लढत हरल्या. निकाल अन्यायाचा आहे या भावनेने त्यांनी पदक समारंभात कांस्यपदक गळ्यात घालू दिले नाही. ते प्रतिस्पर्धिनीच्याच गळ्यात घातले. त्यांच्यावर एक वर्षाची बंदी आली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकनंतर तेथे काम केलेले सर्व छत्तीस पंच बाजूला ठेवण्यात आले. २०२१ च्या मॅक्लारेन अहवालाने तेथील लढतींच्या निकालांत ढवळाढवळ करण्याची व्यवस्थाच अस्तित्वात होती, असे दाखविले. २०२३ मध्ये ऑलिंपिक समितीने या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची मान्यता काढून घेतली. तंजावरच्या बारा पंडितांवरचा आरोप आणि हा अहवाल यांत दोन शतकांहून अधिक काळाचे अंतर आहे, पण आरोपाची भाषा तीच आहे.

हे झाले निवाड्याविषयी. आता अंदाजाकडे वळता येईल.

मराठीत यासाठी एक सुंदर शब्द आहे: होतकरू. तो खेळाडूलाही लावतात, लेखकालाही. त्यात कौतुक आहे आणि लांबणीवर टाकणेही आहे. ज्याला आज काही द्यावयाचे नाही पण दुखवावयाचेही नाही, तो होतकरू. पहिला कवितासंग्रह परीक्षणासाठी हाती आला की या शब्दाचा आश्रय घेणारे समीक्षक कमी नाहीत, आणि युवा स्पर्धेतले पदक पाहून ‘उद्याची ऑलिंपिक विजेती’ असे लिहिणारे क्रीडासमीक्षक हे त्यांचेच भाऊबंद. तालमीत मात्र हा शब्द इतका स्वस्त नव्हता. पोरगे होतकरू आहे असे वस्तादाने म्हटले की पुढचे वाक्य खुराकाचे असे. दूध किती, तूप किती, बदाम कोण देणार. तेथे होतकरू म्हणणे म्हणजे खर्च अंगावर घेणे.

युवा विजेत्याविषयीचे भाकीत किती वेळा खरे ठरते? २०१७ साली गुवाहाटीत युवतींच्या जागतिक स्पर्धेत भारताच्या पाच मुलींनी सुवर्णपदके मिळविली. नीतू, ज्योती, साक्षी, शशी आणि अंकुशिता. टोकियो आणि पॅरिस या दोन्ही ऑलिंपिकच्या भारतीय चमूंत या पाचांपैकी एकही नव्हती. टोकियोत पदक मिळविले ते लवलीना बोर्गोहाईंने, जिच्या नावावर युवा जगज्जेतेपद नव्हते. म्हणून पाचही मुलींविषयीचा अंदाज खोटा ठरला, असे म्हणावे काय? नीतू घंघास २०२३ मध्ये दिल्लीत वरिष्ठ गटाची जगज्जेती झाली, ४८ किलो गटात. पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचा सर्वांत खालचा गट ५० किलोंचा होता. तिचे कौशल्य आणि त्या वेळापत्रकातले गट यांच्यात दोन किलोंची फट होती.

अंदाज बांधणाऱ्याची नजर पंचाच्या नजरेपेक्षा वेगळी असावी लागते. पंच ठोसा पाहतो. याने ठोसा मारून झाल्यावर हात कोठे परततो ते पाहावे. सतराव्या वर्षी उंचीच्या आणि लांब हातांच्या बळावर जिंकणारी मुलगी वरिष्ठ गटात तेवढ्याच उंचीच्या मुलींपुढे उभी राहील तेव्हा तिच्या पायांत काय शिल्लक असेल, हा प्रश्न आहे. फेरी हरल्यावर स्टुलावर बसलेला मुलगा मार्गदर्शकाकडे पाहतो की जमिनीकडे. वजन उतरविण्यासाठी आदल्या दिवशी पाणी तोडलेले शरीर तिसऱ्या फेरीत कसे वागते. एकच डाव चालत नाही असे दिसल्यावर दुसरा काढला जातो की पहिलाच अधिक जोराने मारला जातो. यातले कितीतरी पराभवातच नीट दिसते. पंचासाठी विसरणे हा गुण. येथे सारी भिस्त स्मरणावर. एका लढतीवरून असा अंदाज बांधताच येत नाही. पाच-सहा लढती, दोन-तीन वर्षे, एखादी दुखापत आणि तिच्यानंतरचे पुनरागमन इतके तरी पाहावे लागते.

निखत झरीनचे उदाहरण या संदर्भात मनन करण्याजोगे आहे. २०११ मध्ये तुर्कस्तानात ती कनिष्ठ गटाची जगज्जेती झाली. त्यानंतर खांद्याची दुखापत आली, आणि तिच्याच वजनगटात मेरी कोम हे नाव होते. २०१९ मध्ये ऑलिंपिक पात्रता स्पर्धेसाठी मेरी कोम यांची निवड चाचणीविनाच होणार अशी चिन्हे दिसली, तेव्हा निखतने क्रीडामंत्र्यांना पत्र लिहून चाचणी मागितली. चाचणी झाली. निखत १–९ अशी हरली. हा निकाल अन्यायाचा होता असे मानण्याचे कारण नाही. त्या दिवशी मेरी कोम सरस होत्या. परंतु त्या आकड्यावरून तिच्या भवितव्याचा हिशोब मांडणारे लोक २०२२ मध्ये निरुत्तर झाले. त्या वर्षी इस्तंबूलमध्ये ती वरिष्ठ जगज्जेती झाली, पुढच्या वर्षी दिल्लीत पुन्हा. कनिष्ठ सुवर्णापासून वरिष्ठ सुवर्णापर्यंत अकरा वर्षे गेली. त्या अकरा वर्षांत तिच्यावर विश्वास टाकून बसलेले लोक होते, म्हणून २०२२ उजाडले.

येथे पुन्हा तंजावरकडे जावे लागते. कारण सरफोजींच्या कथेत पंडितांखेरीज आणखी एक माणूस आहे. ख्रिस्तियन फ्रेडरिक श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याला तुळजाजींनी मरणाआधी बोलावून मुलाचे पालकत्व स्वीकारण्याची विनंती केली होती. त्याने नकार दिला आणि अमरसिंहांचे नाव सुचविले. सावधपणाचा सल्ला होता; अंगावर काही येऊ नये अशी त्यात सोय होती. पुढे अमरसिंहांच्या राजवटीत मुलाला कोंडून ठेवल्याच्या, शिक्षणाविना वाढविल्याच्या तक्रारी येऊ लागल्या, तेव्हा श्वार्ट्झने भूमिका बदलली. मुलाच्या शिक्षणाची व्यवस्था, सरकारकडे अर्ज, १७९३ मध्ये त्याला मद्रासला हलविणे, दत्तकाच्या निकालाची फेरतपासणी या साऱ्यांत तो पडला. मुलगा मोठा होऊन काय करील हे त्यालाही ठाऊक नव्हते. फेब्रुवारी १७९८ मध्ये तो वारला. सरफोजी गादीवर बसले ते त्याच वर्षी, त्याच्या मागे. तंजावरच्या चर्चमध्ये फ्लॅक्समनने घडविलेल्या संगमरवरी शिल्पात मृत्युशय्येवरचा श्वार्ट्झ आणि त्याच्या भेटीस आलेले सरफोजी दिसतात. दरबारी शिष्टाचारापलीकडचे काही त्या शिल्पात आहे, हे पाहणाऱ्याला जाणवते. बारा पंडितांपैकी कोणाचेही शिल्प नाही, आणि त्यात वावगे काही नाही. निकाल देणाऱ्याशी निकाल लागलेल्याचे नाते उरू नये, हेच योग्य.

श्वार्ट्झने जे केले त्याला मराठीत जामीन राहणे म्हणतात. पंचाचे काही गुंतलेले नसावे. जामिनाचे गुंतलेले असल्याखेरीज त्याच्या शब्दाला अर्थ नाही. खाशाबा जाधवांच्या बाबतीत हे फार स्पष्ट दिसते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते कुस्तीत सहावे आले. पंचांनी आपले काम केले होते, आणि सहावा क्रमांक हा सहावाच क्रमांक असतो. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे उभे करण्याची वेळ आली तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. लंडनच्या सहाव्या क्रमांकाचे हेही एक मूल्यमापन होते. खाशाबांनी हेलसिंकीत कांस्यपदक मिळविले. न मिळविते तर घर तसेच गहाण राहिले असते आणि प्राचार्यांचा अंदाज तरीही मूर्खपणाचा ठरला नसता. ही दुसरी शक्यता हिशेबात धरल्याशिवाय त्या सात हजारांचे वजन कळत नाही.

नागपूरच्या अल्फिया पठाणकडे या नजरेने पाहावे. एप्रिल २०२१ मध्ये पोलंडमधील किएल्त्से येथे ८१ किलोंवरील गटात ती युवा जगज्जेती झाली. अंतिम लढतीत मोल्दोव्हाच्या मुलीवर ५–०. एका वर्षानंतर कझाकस्तानातील एलोर्दा चषकात तिने २०१६ ची वरिष्ठ जगज्जेती लज्जत कुंगेइबायेवा हिला तिच्याच देशात ५–० असे हरविले. युवा गटातला विजय आणि वरिष्ठ गटातली पात्रता यांच्यामध्ये जी दरी असते असे म्हणतात, ती या मुलीने पंधरा महिन्यांत ओलांडली. कामगिरी म्हणून पाहिले तर यापेक्षा अधिक पुरावा कोणी मागू नये. पण पॅरिसमध्ये स्त्रियांचा सर्वांत वरचा गट ७५ किलोंचा होता, आणि लॉस एंजेलिससाठी ठरलेला वरचा गटही तोच. अशा मुलीला ‘ऑलिंपिकचे आशास्थान’ म्हणणारा लेखक एकतर गटांची यादी वाचत नाही, किंवा एखाद्या धिप्पाड शरीरातून कित्येक किलो उतरविणे ही किरकोळ बाब समजतो.

ला नुसियाच्या दोघांचीही गोष्ट काहीशी अशीच आहे. देविकाचे ५२ किलो पॅरिसच्या ५० आणि ५४ यांच्या मध्ये पडले. २०२८ च्या यादीत स्त्रियांसाठी ५१ आणि ५४ हे गट आहेत, म्हणजे तिला खाली एक किलो किंवा वर दोन. विश्वनाथची वाट अधिक लांब. पुरुषांचा सर्वांत हलका गट पॅरिसमध्ये ५१ किलोंचा होता. लॉस एंजेलिसच्या यादीत तो ५५ वर गेला आहे. युवा गटात ४८ किलोंवर जिंकलेल्या मुलाने सात किलो वाढवावयाचे, ते वेग न गमावता, आणि मुळातच त्या वजनाच्या, त्याच्याहून रुंद खांद्यांच्या मुलांपुढे उभे राहावयाचे. हे अशक्य नाही. मात्र त्यासाठी काही वर्षांचा खुराक, सराव आणि एखाद्या हरलेल्या मोसमातही न हटणारा कोणीतरी माणूस लागतो. पुण्यात, चेन्नईत, कोठेही.